होमबॉय इंडस्ट्रीज : तुरुंगाचं दार उघडल्यानंतरचे अठरा महिने

लॉस एंजेलिसला मुलांकडे गेलेली मराठी मंडळी युनिव्हर्सल स्टुडिओ, हॉलिवूडची पाटी आणि आर्टेशियामधली देशी दुकानं एवढं करून परततात. ज्यांचा चर्चच्या तुरुंगसेवेशी संबंध आहे त्यांनी एक सकाळ होमबॉय इंडस्ट्रीजसाठी, म्हणजे टोळी किंवा तुरुंग सोडून आलेल्यांना काम देणाऱ्या संस्थेसाठी, जरूर काढावी. चायनाटाउनच्या कडेला, ब्रूनो स्ट्रीटवर १३० क्रमांकाची ही इमारत. आत बेकरी, होमगर्ल कॅफे, टी-शर्ट आणि मग विकणारा कोपरा, आणि मधल्या हॉलमध्ये सकाळपासून माणसांची ये-जा. काउंटरपलीकडची बहुतेक माणसं टोळीतून किंवा तुरुंगातून आलेली. मानेवर, गालावर, भुवईच्या वर टोळीचं गोंदण. काहींचं अर्धवट पुसत आलेलं.

आधी खाण्याबद्दल, कारण बहुतेक लोक त्यासाठीच आत शिरतात. कॅफेचं जेवण मेक्सिकन वळणाचं, पण भाजीपाला भरपूर. चिलाकिलेस मागवावेत: टॉर्टियाचे तळलेले तुकडे हिरव्या किंवा लाल साल्सात परतून वर चीज आणि अंडं. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याशी त्याचं जवळचं नातं आहे. तुकडे पूर्ण मऊ पडायच्या आत खाल्ले तरच मजा. पुदिना आणि पालक घातलेलं लिंबाचं हिरवं सरबत, ‘अँजेलाज ग्रीन पोशन’, इथली ओळख झालेलं आहे. शाकाहारी असाल तर मेक्सिकन जेवणात सगळीकडेच विचारायचे दोन प्रश्न इथेही विचारा: घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी आहे का, आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलाय का. बेकरीतून कापलेला पाव किंवा मेक्सिकन गोड पाव, कोंचा, घ्या. टेबलावर वाढणारी व्यक्ती त्या कामात नवी असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा थोडा सबुरीचा वेळ हाताशी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. इथला खरा माल म्हणजे वेळ. तुरुंगातून सुटलेल्या किंवा टोळी सोडू पाहणाऱ्या माणसाला सुमारे अठरा महिने पगारी काम, आणि त्याच छपराखाली समुपदेशन, शिक्षण, वकील, व्यसनमुक्तीच्या बैठका आणि गोंदण काढण्याचा दवाखाना. या काळात तो शिकाऊ असतो आणि त्याला तासाप्रमाणे पगार मिळतो. समुपदेशकाकडे बसलेला तास किंवा रागावर ताबा ठेवण्याच्या वर्गातला तासही कामाचाच धरला जातो. ही बाब कागदावर किरकोळ दिसते, पण सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. उपचार आणि पगार यांतलं एकच निवड असं सांगितलं, तर ज्याच्या घरी भाडं थकलंय तो पगार निवडणार आणि उपचार सोडणार.

ही रचना एका दिवसात सुचलेली नाही. येशूसंघी धर्मगुरू फादर ग्रेग बॉयल १९८६ मध्ये बॉइल हाइट्स भागातल्या डोलोरेस मिशन चर्चमध्ये आले. पिको गार्डन्स आणि अलिसो व्हिलेज या दोन सरकारी वसाहतींच्या मधलं हे चर्च, लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांतातलं सर्वांत गरीब. आसपास आठ टोळ्या. शाळांनी काढून टाकलेली मुलं दिवसभर वसाहतीत भटकायची, म्हणून १९८८ मध्ये चर्चने त्यांच्यासाठी शाळा काढली. मग नोकरीचा प्रश्न आला. चर्चमधल्या बायका आजूबाजूच्या कारखान्यांकडे मोर्चाने गेल्या आणि ‘आमच्या पोरांना काम द्या’ म्हणाल्या. फार कमी मालक तयार झाले. लॉस एंजेलिसमधल्या १९९२ च्या दंगलीनंतर चित्रपट-निर्माते रे स्टार्क यांनी पैसे दिले, त्यातून चर्चजवळची एक बंद पडलेली बेकरी घेतली आणि कामं बाहेर शोधण्याऐवजी घरचा धंदा सुरू झाला. २००१ मध्ये ही स्वतंत्र संस्था झाली.

सगळेच धंदे चालले असंही नाही. होमबॉय प्लंबिंग नावाचा एक उद्योग लवकरच गुंडाळावा लागला. टोळीतला माणूस नळ दुरुस्त करायला आपल्या न्हाणीघरात यावा, असं लोकांना वाटत नव्हतं. बेकरी, टी-शर्टची छपाई, कॅफे, जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सुटी करून पुनर्वापराला देणं हे मात्र टिकले. यांतला फरक धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येक मंडळीने नीट बघावा: गिऱ्हाईक आपल्या पायाने दुकानात येतं, किंवा माल बाहेर जातो. ज्या कामात सुटून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात एकटं शिरावं लागतं, ते पहिल्या वर्षात घेऊ नये. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे; गल्लीत काही चोरीला गेलं तर पहिलं बोट त्याच्याकडे जाईल म्हणून.

आत येण्याचे टप्पे असे. दार कोणालाही उघडं आहे. गोंदण काढायला किंवा वकिलाला भेटायला कार्यक्रमात नाव घालावं लागत नाही. पगारी जागा हवी असेल तर मुलाखत होते आणि अंगात नशा नसल्याची तपासणी द्यावी लागते. निवड झालेल्यांपैकी बहुतेकांची सुरुवात झाडलोटीने होते. जमीन पुसायची, काचा पुसायच्या, शौचालयं धुवायची. यामागे शिक्षा द्यायचा हेतू नाही. वेळेवर येणं, कोणी काम सांगितलं तर अपमान न वाटणं, आणि ज्या टोळीशी गोळीबार झालाय तिच्यातल्या माणसाबरोबर एकाच बादलीत फडकं पिळणं, या तीन गोष्टी इथे तपासल्या जातात. तिसरी सर्वांत अवघड. मुद्दाम विरुद्ध टोळ्यांतली माणसं एका पाळीत घातली जातात. जो हे सहन करू शकत नाही तो निघून जातो, आणि पुष्कळदा काही महिन्यांनी परत येतो. परत आलेल्याला पुन्हा घेतलं जातं, ही इथली मोठी शिस्त. प्रत्येक शिकाऊला वाट दाखवायला एक जण नेमलेला असतो, आणि तो बहुधा स्वतः हाच रस्ता चालून आलेला असतो.

कामाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सगळे गोल जमतात. सूचना, वाढदिवस, कोणाची परीक्षा पास झाली, कोणाच्या बाळाचा जन्म झाला. मग कोणीतरी दिवसाचा विचार मांडतं आणि प्रार्थना होते. प्रवचन नाही. पाहुण्यांनी ही बैठक चुकवू नये, कारण संस्थेचा ख्रिस्तीपणा कुठे आहे हे इथे दिसतं.

गोंदणाच्या दवाखान्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आपल्याकडच्या वाचकांना ही चैनीची सेवा वाटू शकते. लॉस एंजेलिसमध्ये मानेवरचा टोळीचा आकडा म्हणजे रोजचा धोका. बसमध्ये चुकीच्या टोळीच्या पोराने तो वाचला तर जीव जाऊ शकतो, नोकरीच्या मुलाखतीत मालकाने वाचला तर अर्ज तिथेच संपतो. पोलिसांच्या कॅलगँग नावाच्या नोंदवहीत नाव चढवायच्या निकषांत गोंदणही होतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी ती नोंदवही तपासली, तेव्हा नोंद झाली त्या वेळी वय वर्षभरसुद्धा नसलेली ४२ नावं तिच्यात निघाली. अशा यादीतून बाहेर पडण्याची सुरुवात अंगावरची खूण पुसण्यापासून होते.

काढण्याची पद्धत लेझरची. लेझरचे अतिशय छोटे झटके त्वचेतल्या शाईचे कण फोडतात आणि शरीरातल्या भक्षक पेशी ते तुकडे हळूहळू वाहून नेतात. खरं काम दोन बैठकांच्या मधे शरीर करतं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं अंतर लागतं आणि घाई करून काही मिळत नाही. तुरुंगात गिटारच्या तारेने, जळलेल्या काजळीने केलेलं एकरंगी गोंदण तुलनेने लवकर फिकं होतं. दुकानात पैसे देऊन केलेलं दाट, रंगीत गोंदण दहा-बारा बैठका घेऊ शकतं, आणि हिरवा-निळा रंग काळ्यापेक्षा हट्टी. सावळ्या त्वचेवर लेझर चुकीच्या तीव्रतेने मारला तर पांढरे डाग पडतात, म्हणून लांब लहरीचा लेझर आणि कमी ऊर्जा वापरून बैठका वाढवाव्या लागतात. नंतर मलम, पट्टी आणि ऊन टाळणं. जो दिवसभर उन्हात बांधकामावर आहे त्याच्या मानेवरचं गोंदण काढताना हीच अडचण येते. सेवा मोफत आहे आणि डॉक्टर स्वयंसेवक म्हणून येतात. बाहेर पैसे मोजून हेच केलं तर चेहऱ्यावरच्या एका मोठ्या गोंदणाला हजारो डॉलर लागू शकतात. सबंध इमारतीत आम्ही पूर्ण गुण देऊ तो याच खोलीला.

आता अडचणी. कॅलिफोर्नियात तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाच्या हातात जास्तीत जास्त २०० डॉलर ठेवले जातात. ही रक्कम १९७३ पासून तीच आहे. अंगावरचे कपडे आणि बसचं तिकीट राज्याने दिलं तर त्याचे पैसे त्यातूनच कापतात. पहिल्या रात्रीचा प्रश्न इथेच उभा राहतो, आणि जुना मित्र गाडी घेऊन दारात असतोच. पगार सुरू झाला की दुसरी अडचण: मुलांच्या पोटगीची थकबाकी. न्यायालय हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत रक्कम वळती करू शकतं. पहिल्या महिन्याचा पगार निम्मा बघून कित्येकांचा धीर सुटतो. इथे वकील आणि समाजसेवक लागतात: हप्ता बदलून घेण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात गेला तर गोष्टी सावरतात, तीन महिन्यांनी गेला तर माणूस निघून गेलेला असतो.

तिसरी अडचण तारखांची. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) असेल तर त्याच्या अधिकाऱ्याची भेट, पॅरोलची तपासणी, न्यायालयाने लावलेले वर्ग. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात प्रोबेशन मिळालं तर कॅलिफोर्नियात ५२ आठवड्यांचा वर्ग सक्तीचा आहे. म्हणजे वर्षभर दर आठवड्याला दोन तास कामावरून जायचं. साधा मालक दुसऱ्या महिन्यात घरी बसवतो. होमबॉयमध्ये या तारखा कामाच्या वेळापत्रकातच बसवल्या जातात. चौथी अडचण रस्त्याची: शिकाऊ ज्या वसाहतीत राहतो तिथून ब्रूनो स्ट्रीटला येणारी बस शत्रूच्या हद्दीतून जात असेल तर रोज उशीर होणार, आणि त्याचं कारण तो सांगणार नाही. उशिराबद्दल रागावण्याआधी बसचा मार्ग विचारावा, हे इथल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

शेवटचे तीन-चार महिने आम्हाला सर्वांत नाजूक वाटतात. आतमध्ये सगळे तुम्हाला ओळखतात, चुकलात तरी परत घेतात. बाहेरच्या मालकाकडे ते नाही. २०१८ पासून कॅलिफोर्नियात पाच किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला नोकरी देऊ करण्याआधी गुन्ह्याचा इतिहास विचारता येत नाही. नंतर तपासणी करता येते, पण नकार देताना गुन्हा किती जुना, कोणता, कामाशी त्याचा संबंध काय हे पाहावं लागतं. कायदा चांगला आहे, पण त्यामुळे नकार येतो तो मुलाखतीनंतर, कपडे इस्त्री करून, घरी सगळ्यांना सांगून झाल्यावर. त्या संध्याकाळी माणूस एकटा असला तर अठरा महिन्यांची मेहनत पणाला लागते. म्हणून गेलेल्यांना परत येऊन बसायला जागा लागते, आणि ती इथे आहे.

याच कारणाने बेकरी धंदा म्हणून नेहमी अडखळत चालणार. कोणतीही बेकरी चांगला कारागीर धरून ठेवते. ही त्याला दीड वर्षात तयार करते आणि निरोप देते. विक्रीतून खर्चाचा काही भाग निघतो, बाकी देणग्यांवर. २०१० मध्ये सुमारे ५० लाख डॉलरची तूट आली आणि संस्थेला ३०० च्या आसपास माणसांना घरी पाठवावं लागलं. बरेच जण पगार नसतानाही कामावर येत राहिले, देणग्या आल्या, आणि पुढच्या वर्षी राल्फ्स या सुपरमार्केटांत होमबॉयच्या नावाचे चिप्स आणि साल्सा विकायला लागले. गाडी रुळावर आली. पण ज्या दिवशी देणगी थांबते त्या दिवशी सर्वांत कच्चा माणूस रस्त्यावर येतो, हा धोका रचनेतच आहे. एका मोठ्या दात्यावर उभी असलेली कुठलीही तुरुंगसेवा त्याच जागी आहे. २०२० मध्ये हिल्टन मानवतावादी पुरस्काराचे २५ लाख डॉलर मिळाले आणि २०२४ मध्ये फादर बॉयल यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालं, तरी हा हिशेब बदलत नाही.

यशाचे आकडे कसे वाचावेत हे सांगणं गरजेचं आहे. अशा सेवांच्या पत्रकांत ‘आमच्याकडून बाहेर पडलेले पुन्हा गुन्हा करत नाहीत’ असं वाक्य हमखास असतं. टेक्सासमध्ये १९९७ साली प्रिझन फेलोशिप या ख्रिस्ती तुरुंगसेवा संस्थेचा इनरचेंज फ्रीडम इनिशिएटिव्ह सुरू झाला: तुरुंगाच्या एका विभागात दिवसभर बायबलचा अभ्यास, काम, वर्ग, आणि सुटल्यावर चर्चमधला मार्गदर्शक. २००३ च्या अभ्यासात उपक्रम पूर्ण करणाऱ्या ७५ जणांपैकी दोन वर्षांत ८ टक्के पुन्हा तुरुंगात गेले. तुलनेच्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं. सगळीकडे आनंद झाला. पण उपक्रमात आलेले होते १७७. त्या सगळ्यांना मोजलं की प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा काकणभर वाईट. ‘पूर्ण केला’ या व्याख्येत सुटल्यानंतर तीन महिने नोकरी टिकवण्याची अट होती. ज्याची नोकरी टिकली तो पुन्हा तुरुंगात गेला नाही, एवढंच त्या आकड्याने सांगितलं. कोणत्याही तुरुंगसेवेला पहिला प्रश्न हाच विचारावा: पहिल्या दिवशी नाव घातलेले किती, आणि त्यांतल्या सगळ्यांचं पुढे काय झालं? होमबॉयमधल्या लोकांचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जोर्जा लीप यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. तरीही जो माणूस स्वतःहून दारात येतो त्याची न येणाऱ्याशी तुलना करणं अवघड, हे लक्षात ठेवूनच या संस्थेचे आकडे पाहावेत.

आयोवातल्या न्यूटन तुरुंगात चाललेला तोच इनरचेंज उपक्रम २००६ मध्ये फेडरल न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला आणि २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला. सरकारी पैशातून एका धर्माची शिकवण दिली जात होती आणि त्यात गेलेल्यांना बऱ्या सोयी मिळत होत्या, हा आक्षेप होता. होमबॉयमध्ये ही अडचण आली नाही, कारण इथे मिस्साला (कॅथलिक उपासनेला) येण्याची अट नाही आणि प्रार्थनेला न बोलणाऱ्याचा पगार कापला जात नाही. काही ख्रिस्ती पाहुण्यांना हे कमी वाटतं. सुवार्ता कुठे आहे असं ते विचारतात. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात बंदिशाळेतल्याला भेटायला जाण्याची जी गोष्ट आहे, तिच्यात भेटणाऱ्याने काय भाषण केलं याचा उल्लेख नाही. आमच्या मते इथला सेवाभाव त्या अध्यायाला धरून आहे. ज्याच्याकडे भाकर, कपडे आणि ओळखपत्र नाही, त्याला भाकर, कपडे आणि ओळखपत्र मिळतं.

तरुण मुलांना गुन्ह्यापासून वळवण्याच्या कामात दोन गोष्टी टाळाव्यात, आणि दोन्हींचा अनुभव अमेरिकेत घेऊन झालेला आहे. पहिली, मुलांना तुरुंग दाखवून घाबरवणं. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेच्या कैद्यांनी असा कार्यक्रम सुरू केला, ‘स्केअर्ड स्ट्रेट’ या नावाने तो गाजला. कैदी मुलांच्या अंगावर ओरडायचे, आत काय होतं ते सांगायचे. हेतू प्रामाणिक होता. पुढे अशा नऊ कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काही मुलांना पाठवलं होतं आणि काहींना नाही. एकूण मुलं हजाराच्या आसपास. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. घाबरलेलं पोर मित्रांसमोर घाबरलं नाही असं दाखवायला जातं, आणि तुरुंगातल्या दणकट माणसात त्याला आपला भविष्यातला चेहरा दिसतो. मराठी चर्चच्या तरुण-संघांनी अशा सहली काढू नयेत. जायचंच असेल तर सुटून येऊन पाच वर्षं नीट काम करणाऱ्या माणसाकडे, त्याच्या कामाच्या जागी जावं.

दुसरी, टोळीशी टोळी म्हणून बोलणं. फादर बॉयल सुरुवातीच्या वर्षांत सायकलवरून वसाहतींत फिरून टोळ्यांमध्ये तह घडवत. नंतर त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा करणार नाही असं जाहीरपणे सांगितलं, कारण तह केला की टोळीला मान मिळतो, तिचा म्होरक्या मोठा होतो आणि टोळी जगते. आता संस्था टोळीतल्या एकेका माणसाबरोबर काम करते. आपल्याकडे गणेशोत्सवात किंवा निवडणुकीत वस्तीतल्या ‘भाई’ला मंचावर बसवून मुलं सुधारतील अशी आशा धरणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात घ्यावा.

नक्कल कोणी केली? ग्लासगोमध्ये. स्कॉटलंडच्या हिंसाचार-निवारण विभागाने होमबॉय बघून स्ट्रीट अँड अ‍ॅरो नावाची खाण्याची गाडी काढली. गुन्ह्याची शिक्षा झालेल्यांना तिथे बारा महिन्यांची नोकरी, बरोबर मार्गदर्शक. त्यांनी मापं बदलली, कणा तोच ठेवला: मुदत ठरलेली, पगार खरा, सोबत माणूस.

महाराष्ट्रात हेच जसंच्या तसं उचलून चालणार नाही. कारण आपल्या तुरुंगात बहुतेक माणसं शिक्षा भोगणारी नसून कच्चे कैदी आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे जवळपास ७६ टक्के. अशा माणसाच्या सुटकेची तारीख ठरलेली नसते. एका संध्याकाळी जामिनाचा कागद येतो आणि रात्री आठला तो येरवड्याच्या किंवा तळोज्याच्या दाराबाहेर उभा असतो. म्हणून इथल्या गटांनी रविवारच्या उपासनेइतकाच वेळ तीन कामांना द्यावा. एक, जामीन मंजूर होऊनही पैसे किंवा जामीनदार नसल्याने आत असलेल्यांची यादी. २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे: सुरुवातीच्या नियमांत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, दंड भरायला २५,००० पर्यंत मदत होती. प्रस्ताव जिल्ह्याच्या समितीकडे जातो, आणि पाठपुरावा करणारं कोणी नसलं की पडून राहतो. दोन, पहिल्यांदाच पकडलेल्यांची तारीख मोजणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेल्या नवख्या आरोपीची जामिनावर सुटका व्हायची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून जास्त गुन्हे असतील तरी मिळत नाही. तीन, दाराबाहेरचे पहिले पंधरा दिवस: राहायला जागा, आधार कार्ड, मोबाइल, आणि रोज सकाळी हजर व्हायचं एखादं काम.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आपला कायदा कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंद नष्ट करायची असते. १६ वर्षांवरील ज्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालला तो याला अपवाद. तरी पोलीस पडताळणीत जुनी नोंद वर येते आणि मुलाची सुरक्षारक्षकाची किंवा डिलिव्हरीची नोकरी जाते. निरीक्षणगृहात जाणाऱ्या गटाजवळ हे कलम छापलेला कागद आणि एक वकील असलाच पाहिजे.

भेटीबद्दल. गटाने जायचं असेल तर आधी वेळ ठरवा. इमारत दाखवणारा बहुधा शिकाऊच असतो आणि तो स्वतःबद्दल जेवढं सांगेल तेवढंच ऐका. ‘कशासाठी आत गेला होतास?’ हे विचारू नका. कोणाचाही फोटो न विचारता काढू नका. टोळी सोडलेल्याचा चेहरा आणि ठिकाण इंटरनेटवर जाणं त्याच्या जिवाला घातक ठरू शकतं. मंडळीतर्फे पैसे द्यायचे असतील तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याची छोटी रक्कम त्यांच्या जास्त उपयोगाची, कारण पगार दर पंधरवड्याला द्यायचे असतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना बेकरीचा माल टपालाने घरी मागवता येतो. गाडी न्यायची गरज नाही: मेट्रोच्या ए लाइनने चायनाटाउन स्थानकावर उतरा, तिथून पाच-सात मिनिटं चालत. सकाळची बैठक हवी असेल तर नऊच्या आत पोचा आणि न्याहारी नंतर करा.